वहिनीची बंदूक खाली आहे

कलकत्त्यातल्या आमच्या भवानीपूरच्या घरात बंदूक येणार हे कळलं, तेव्हा माझा भाऊ दिगंबर हातातला घास ताटात ठेवून म्हणाला, "मग मी हावड्याला खोली बघतो." दिगंबरदादा बँकेत अधिकारी, पण कालीपूजेला गल्लीत फटाके सुरू झाले की कानात कापूस घालून आतल्या खोलीत जाऊन बसणारा. आणि बंदूक कुणाची, तर त्याच्याच बायकोची! मला इतका आनंद झाला की मी पानावरून उठून वहिनीला मिठीच मारली. आई ओरडली, "अगं, उष्टे हात!"

कालिंदीवहिनी आजऱ्याकडची. तिचे वडील श्यामराव शेती करत, आणि उसात रानडुकरं शिरली की त्यांची दुनळी बंदूक खुंटीवरून निघायची. वहिनी त्यांची एकुलती एक मुलगी, पण बंदुकीला हात लावायची तिला सक्त मनाई. पुतण्यांना त्यांनी नेम धरायला शिकवलं, शेजारच्या पोरांना शिकवलं, हिला मात्र कायम "तू लांब हो." हे ती आम्हाला हसत हसत सांगायची, पण शेवटी चेहरा उतरायचाच. अडुसष्ट साली श्यामराव आजारी पडले आणि जाण्याआधी सगळ्यांना बोलावून सांगून गेले, की बंदूक कालिंदीची. पुतण्यांनी तोंडं वाकडी केली. वहिनीने डोळे पुसले आणि तेरावा झाल्यावर बंदूक मागून घेतली.

ती कलकत्त्याला आली खरी, पण घरी नाही. परवाना वहिनीच्या नावावर व्हायचा होता, म्हणून धर्मतल्याच्या एका बंदुकांच्या दुकानात ठेवावी लागली. परवान्याच्या साहेबांनी आधी वहिनीकडे पाहिलं, मग तिच्या कडेवरच्या लेकीकडे, वृंदाकडे पाहिलं आणि सांगितलं, की रायफल क्लबात रीतसर शिका, तिथल्या शिक्षकाचा दाखला उन्हाळ्याच्या आत आणा, नाहीतर बंदूक विकून मोकळ्या व्हा. दादाला केवढं हायसं वाटलं! वहिनी मात्र जिना उतरतानाच मला म्हणाली, "बाबांनी जाताना का होईना, मला दिली की नाही? मी विकायची नाही, सुनीती. काय वाट्टेल ते होऊ दे."

मग दर रविवारी सकाळी वहिनी टॉलीगंजच्या पुढच्या क्लबात जायला लागली. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला बायकांना दुसरा विषय उरला नाही. एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "दिगंबररावांशी भांडण वगैरे नाही ना?" मी म्हटलं, "अजून तरी नाही. पण नेम चांगला बसायला लागलाय." त्या बाई पुढे आमच्याकडे कधी फिरकल्या नाहीत, आणि आमचं काही अडलंही नाही.

क्लबातले शिक्षक घोषालबाबू. सैन्यातून निवृत्त, आवाज असा की झाडावरचे कावळे उडावेत. त्यांना मराठीचा गंध नाही आणि वहिनीला बंगालीचा. हिंदी दोघांनाही बेताचीच. ते वहिनीला 'बौदी', म्हणजे बंगालीत वहिनीच, म्हणत आणि हातवारे करून शिकवत. पहिले काही रविवार त्यांनी काडतूस दाखवलंसुद्धा नाही. नळी माणसाकडे वळवायची नाही, चेष्टेतही नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. समोर काय आहे ते दिसतंच, त्याच्या मागे काय आहे तेही आधी बघायचं. वहिनी घरी येऊन उन्हाच्या छत्रीने सराव करायची आणि आई म्हणायची, "माझ्याकडे नको गं वळवूस ती!" त्यावर वहिनी छत्रीसुद्धा ताबडतोब जमिनीकडे करायची. इतकं ते तिच्या अंगात भिनलं होतं.

बार काढून झाले की घोषालबाबूंची एक ठरलेली आरोळी असे. "ओपन!" म्हटलं की बंदूक मधोमध उघडून जळकी काडतुसं काढायची. मग ते विचारायचे, "खाली?" आणि बंदूकवाल्याने खणखणीत उत्तर द्यायचं, "खाली!" त्याशिवाय कुणी जागेवरून हलायचं नाही. वहिनीचं "खाली!" सगळ्यांत मोठं असतं, असं घोषालबाबू कौतुकाने सांगत.

जानेवारीत ते आमच्या घरी आले. बंदूक ठेवणार कुठे, हे पाहिल्याशिवाय ते दाखला देत नसत. आईने देवघराचा कोपरा दाखवला, म्हणजे दसऱ्याला पूजा करायला बरं. दादाने कपाटाचा माथा दाखवला, जिथे त्याला ती दिसणार नव्हती. घोषालबाबूंनी वृंदाला उचलून खुर्चीवर ठेवलं. पोरगी क्षणात खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून कपाटाच्या कडेला लोंबकळली! आईने देवाचा धावा केला. मग ठरलं: बंदूक लोखंडी पेटीत, पेटी खिडकीच्या गजांना साखळीने बांधलेली, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या वहिनीच्या कमरेला, आणि बंदूक पेटीत जाताना दर वेळी उघडून पाहिलेली. शेजाऱ्यांना काही बोलायचं नाही, असंही त्यांनी बजावलं. हे शेवटचं मी आईला तीनदा सांगितलं, कारण आमची आई ती आमची आई.

मार्चमध्ये परीक्षा झाली. त्या दिवशी मीही गेले. समोर मातीच्या बांधावर चहाची वापरलेली कुल्हडं मांडली होती. वहिनीने पदर खोचला, दस्ता खांद्याला टेकवला आणि पहिलंच कुल्हड असं फुटलं की मी किंचाळले. मग दुसरं, मग तिसरं. एकच चुकलं. शेवटी घोषालबाबूंनी मांडणीवरची दुसरी एक बंद बंदूक तिच्या हातात दिली. तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी हाक मारली म्हणून ते तिकडे वळले, आणि वळता वळताच त्यांनी विचारलं, "खाली?" वहिनीने नळी जमिनीकडे केली आणि गरजली, "खाली!" त्यांनी मान डोलावली आणि टेबलाशी बसून दाखला लिहून दिला. वहिनीने तो कपाळाला लावला, मी तिच्या गळ्यात पडले, आणि आम्ही दोघींनी धावतच बस पकडली.

बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, तरी कंडक्टर पत्र्यावर थापा मारत ओरडत होता, "पेछोने खाली! पेछोने खाली!" म्हणजे मागे जागा आहे, सरका. वहिनी इतकी खुशीत होती की तिने छत्री बंदुकीसारखी धरली होती. कंडक्टर पुन्हा "खाली!" म्हणाला आणि तिने छत्रीचं टोक झटक्यात जमिनीकडे वळवून तितक्याच जोरात उत्तर दिलं, "खाली!" कंडक्टर चाट पडला. मी हसून हसून बेजार झाले.

मग मला शंका आली. "वहिनी, तू छत्री खाली का केलीस?"

"तो खाली म्हणाला म्हणून. गंमत गं!"

"आणि घोषालबाबू विचारतात तेव्हा?"

"तेव्हा नळी खाली करते की. आणि सांगते, केली खाली म्हणून."

"अगं, ते नळीचं विचारत नाहीत! बंदूक रिकामी आहे का, असं विचारतात. खाली म्हणजे रिकामी!"

टॅक्सी खाली, जागा खाली, हे वहिनीला कळत नव्हतं असं नाही. पण हातात बंदूक असताना, आणि नळी जमिनीकडे ठेवा असं सतत कानावर पडत असताना, आजऱ्याच्या मुलीने 'खाली' म्हटल्यावर दुसरं काय समजावं? आणि 'ओपन'ची आरोळी आधी होत असल्यामुळे तिची बंदूक दर वेळी खरोखरच रिकामी असायची, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आज मात्र तिने बंद बंदूक हातात घेतली होती, आणि आत न बघता सांगून टाकलं होतं.

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. "सुनीती, आत काडतूस असतं तर?"

"नव्हतं ना! आणि दाखला मिळालाय. आता तुला अर्थ कळला, झालं की. चल घरी."

"घरी वृंदा आहे," ती म्हणाली, आणि बस थांबायच्या आत दाराकडे घुसली.

मी वैतागले, अगदी मनापासून. तिला म्हटलं, ते दाखला काढून घेतील, बंदूक विकावी लागेल, तुझे चुलतभाऊ आजऱ्यात पेढे वाटतील. ती काही ऐकत नव्हती. उन्हात आम्ही जवळजवळ पळतच क्लबात पोचलो, तर घोषालबाबू कुलूप लावत होते. वहिनीने दाखला त्यांच्यासमोर धरला आणि मराठीत बोलत सुटली. मी धापा टाकत बंगालीत सांगत गेले. 'खाली'चा आमच्याकडचा अर्थ ऐकून ते आधी खो-खो हसले. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, दाखला घेतला आणि आमच्या डोळ्यांदेखत फाडून टाकला.

 मला रडूच फुटलं. मी त्यांना बंगालीत काय काय सुनावलं ते आईला कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं. घोषालबाबूंनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ते कुलूप उघडून आत गेले, पाठमोरे काहीतरी खुडबुड करत राहिले आणि एक बंद बंदूक घेऊन बाहेर आले. ती वहिनीच्या हातात ठेवली. या वेळी ते कुठे वळले नाहीत. तिच्या डोळ्यांत बघत त्यांनी विचारलं, "खाली?"

वहिनीने नळी जमिनीकडे केली. बोट चापापासून लांब. खटका सरकवला, बंदूक उघडली, वाकून आत पाहिलं. उजव्या नळीत पितळेचा गोल चकाकत होता. काडतूस दारू काढून टाकलेलं होतं, पण हे तिला कुठे ठाऊक होतं!

"नाही!" वहिनी ओरडली. कावळे उडाले. "खाली नाही! भरलेली आहे! भरलेली!"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण घोषालबाबूंनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी काडतूस काढून घेतलं, टेबलाशी बसून नवा दाखला लिहिला आणि तो देताना म्हणाले, "बौदी, एबार बंदूक बाड़ी निये जान."

"काय म्हणाले?" वहिनीने मला विचारलं.

"म्हणाले, आता बंदूक घरी न्या."

वहिनी तिथेच पायरीवर बसली, दाखला उराशी धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा असते ना, तर आज लांब हो म्हणाले नसते."