न झिजलेलं ब्रेकचं रबर
नव्या टायरचा वास आला की मला पर्वत पाटिया भागातलं ते सायकलचं दुकान आठवतं. तेव्हा मी सुट्टीला माझ्या जुन्या सायकलवरून मैत्रिणींसोबत सापुताऱ्याच्या घाटात जायला लागले होते आणि पहिल्या पगारातून गिअरची माउंटन बाइक घ्यायची होती. सोबत अप्पा होते, माझे वडील, लिंबायतला कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करणारे. बारा तासांच्या पाळीपायी त्यांनी मला सायकल चालवताना कधी पाहिलंच नव्हतं. दुकानदार पुढे-मागे स्प्रिंग असलेली लालभडक सायकल दाखवत म्हणाला, "बेन, आ लई जाओ, गादी जेवी चाले!" गादीसारखी चालणारी सायकल म्हटल्यावर मी हुरळलेच. अप्पांनी तळव्यानं सीट दाबली, मागची स्प्रिंग खाली बसताना पाहिली आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, "हाई तुनी नही शे. चढवर तू उभी ऱ्हाईसन पाय मारस. तुना सगळा जोर हाई स्प्रिंगच खाई जाई." मग फक्त पुढे स्प्रिंग असलेली काळी सायकल त्यांनी बाहेर ओढली आणि तिचे ब्रेक दोनदा दाबून पाहिले. "उतारवर तू ब्रेक दाबस नही. आते दाबजो." हे यांना कुणी सांगितलं? मग लक्षात आलं, माझी जुनी सायकल तेच तर पुसायचे. पेडलची रबरं पार झिजलेली, सीट जवळजवळ कोरी, आणि ब्रेकची रबरं नव्यासारखी. माझी सगळी दांडगाई त्यांनी चिंधी फिरवता फिरवता वाचली होती. अजूनही उतार लागला की मी ब्रेक दाबते. घरी गेल्यावर अप्पा आधी ब्रेकचं रबर झिजलंय का तेच बघणार असतात.