सगळी कार्डं सुलटी

थोरलीने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस जाईपर्यंत घरात कुणाची धडगत नसे. कॉलेजच्या ग्रंथालयाच्या तळघरात सव्वीस वर्षं ती फाटकी पुस्तकं बांधत होती. पाठ मोडलेला जाडजूड शब्दकोशही तिच्या हाताखाली मुकाट ताठ उभा राही. सख्खी धाकटी बहीण तेवढी वठणीवर येत नव्हती.

धाकटीच्या पित्ताशयात खडे होते. तिने दोनदा ऑपरेशन पुढे ढकललं, कारण टॅरो कार्डं वाचणाऱ्या बाईंकडे तिला मृत्यूचं कार्ड निघालं होतं. "आता अंगावर काढाल तर घाईघाईत कापावं लागेल, आणि ते धोक्याचं," डॉक्टर म्हणाले. धाकटी ढिम्म.

थोरली त्या बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली ती भांडायच्याच तयारीने.

बाई शांत होत्या. "तुमच्या बहिणीने विचारलं, मी वाचेन का? मी म्हटलं, हे डॉक्टरांना विचारा. पण कार्ड दिसलं मात्र, उठून गेल्याच. अहो, त्याचा अर्थ मरण नाही. एक काहीतरी संपून दुसरं सुरू होणं. तेवढं ऐकायला तरी थांबायचं!"

"मग मला शिकवा," थोरली म्हणाली.

महिनाभर ती रोज संध्याकाळी कामावरून परस्पर तिकडे जात होती. कार्डं अठ्ठ्याहत्तर. बावीस आयुष्यातल्या मोठ्या वळणांची. छप्पन्न रोजच्या उठाठेवींची, काठ्या, चषक, तलवारी आणि नाणी अशा चार गटांत. आधी प्रश्न नीट ठरवायचा, मग पिसायचं, मग मांडायचं. कार्ड उलटं पडलं तर त्याचा अर्थ वेगळा लावायचा.

"आणि चित्रात काय दिसतं ते समोरच्याला बोलू द्या," बाई बजावत. "आपण मध्ये तोंड घालायचं नाही." थोरलीला हेच सगळ्यात जड गेलं.

एका रविवारी दुपारी तिने धाकटीसमोर तीन कार्डं मांडली. मग आणखी तीन. मग पुन्हा तीन.

"नऊच्या नऊ सुलटी?" धाकटीने डोळे बारीक केले. "ताई, तू कार्डं लावून आणलीस."

"आईची शपथ, नाही गं!"

"मला हॉस्पिटलात ढकलायला एवढं नाटक? जाते मी." तिने चपलेत पाय घातलासुद्धा.

थोरलीने आपल्या हातांकडे पाहिलं. ते आपले गड्डी टेबलावर ठोकत होते, आधी लांब कड, मग आखूड. आणि मध्येच उलटं आलेलं कार्ड अंगठा गुपचूप फिरवून सरळ करत होता. उलटं पान दोऱ्यात जाऊ द्यायचं नाही, ही कामावरची सवय. महिनाभर तिचा तिलाच पत्ता नव्हता.

"थांब. लबाडी झालीय खरी, पण ती या हातांनी केली. बघ." तिने पुन्हा करून दाखवलं.

धाकटी बघत राहिली आणि फसकन हसली. "माझ्या ताटातला चमचासुद्धा सरळ करतेस तू!"

"मग तूच पिस. हवी तशी. प्रश्न मात्र मी सांगते. वाचेन का, हा नाही. मला नेमकी कशाची भीती वाटते, हा."

धाकटीने अर्धी गड्डी उलटी करून मनसोक्त पिसली आणि एक कार्ड काढलं. तलवारींचं, आठ तलवारींचं. तेही उलटं. थोरलीचा हात आपोआप पुढे गेला.

"राहू दे!" धाकटीने फटका मारला. मग ती मान वाकडी करून चित्र पाहू लागली. "बाई आहे. डोळ्यांना पट्टी. हात बांधलेत." तिने चित्रावरून बोट पायांपर्यंत नेलं. "पाय मोकळे आहेत की हिचे."

थोरलीच्या जिभेवर सतरा वाक्यं आली. तिने ती सगळी गिळली.

"कापण्याची भीती नाही मला, ताई," धाकटी हळूच म्हणाली. "भूल देणारा कोण, ते माहीत नाही. त्याचं तोंडही न बघता त्याच्या हाती जीव देऊन झोपायचं?"

"उद्या साडेनऊला तयार राहा. मी रजा टाकते. आधी त्याचं तोंड बघू."

"तू? रजा?"

"प्रश्न लिहून घे. नीट लिही."

धाकटीने पुठ्ठ्याच्या एका कपच्यावर लिहायला घेतलं. एक झाला, दोन झाले, पाच झाले. सहाव्याला तिने मान वर न करताच विचारलं, "मागच्या दोन्ही वेळा मी गेलेच नाही, म्हणून रागावतील का गं डॉक्टर?"

"रागावू देत," थोरली म्हणाली. "तारीख घेऊनच उठायचं."

कपच्याची एक कड वाकडी होती. थोरलीने ती तशीच राहू दिली.