चहा संपेपर्यंत विचारायचं न्हाई

आमच्या गावात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. आमच्या वस्तीवरचे मेजर काका खरं तर नायक या साध्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. सुरुवातीला ते समजावून सांगायचे, की बाबांनो, मेजर लई मोठा सायेब असतो, कोणी ऐकलं तर माझी पेन्शन बंद करतील. गावाने ऐकलं नाही. काकूंना लोक मेजरीणबाई म्हणायला लागले, तेव्हा काकांनी नाद सोडला.

ते कायमचे घरी आले तेव्हा मी शाळेत होते. वेशीपासून त्यांची मिरवणूक निघाली होती. पुढे हलगी, मागे उघड्या जीपमध्ये गळ्यापर्यंत हार घातलेले काका. दारादारात बायका ओवाळत होत्या. आमच्या दारात ताट माझ्या हातात होतं, आणि नेमकं माझंच निरांजन वाऱ्याने विझलं. बायका कुजबुजायला लागल्या. काकांनी गणवेशाच्या खिशातून काडेपेटी काढली, वात लावली आणि म्हणाले, "हं, आता ओवाळ." त्या दिवसापासून मला ते आवडायचे.

त्यानंतर दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या ओट्यावर त्यांचा सत्कार ठरलेला. ऑगस्टच्या उकाड्यात अंगावर शाल, हातात नारळ, आणि मग "मेजरसाहेबांनी दोन शब्द बोलावेत." ते दोन शब्द दरसाल एकच असायचे: उंचावर डाळ कशी शिजत नाही, कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन गॅस संपतो पण डाळ दगडासारखीच राहते. पोरं हसायची, पण त्यांचं समाधान व्हायचं नाही. कोणीतरी विचारायचंच, की तुम्ही किती जणांना मारलं. काका म्हणायचे, "मी जास्त करून बर्फ उचललं रे बाळा." मोठी माणसं नाराज व्हायची. शाल आपल्या पैशाने आणलेली, आणि हा माणूस डाळ सांगतो.

बारावी झाल्यावर मी जालन्याच्या कॉलेजात नाव घातलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आईचं तर शाळेचंच दार बघायचं राहिलं होतं. वस्तीवरून अंबड, अंबडवरून जालना, दोन एसट्या. संध्याकाळच्या गाडीत खिडकी उघडी असली की अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या बाजूने मळीचा वास यायचा. बाहेरची माणसं नाकाला रुमाल लावायची. मला मात्र तो वास आला की घर जवळ आल्यासारखं वाटायचं, अजूनही वाटतं.

पण हे शिक्षण किती कच्च्या दोऱ्यावर टांगलेलं आहे ते मला माहीत होतं. माझी चुलत बहीण माझ्याआधी अंबडला शिकत होती. एका पोराने तिला रस्त्यात अडवलं, एवढंच. तिचा काही दोष नव्हता. ती घरी रडत आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद झालं. पुढच्या उन्हाळ्यात लग्न. त्यामुळे मी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती: काहीही झालं तरी ते घरी कळता कामा नये. कळलं की संपलं.

दुसऱ्या वर्षाला असताना मला एक मुलगा आवडायला लागला. वरच्या वर्गात होता, छान बोलायचा. मी एखाद्या वाक्याची सुरुवात गावच्या बोलीत केली की तो हसायचा, पण ते हसणं टोचायचं नाही. एका दुपारी त्याने मला फिरायला चल म्हटलं आणि मी गेले. स्वतःच्या मर्जीने गेले, चांगला ड्रेस घालून गेले, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. आम्ही रसवंतीवर रस प्यायलो. ज्यांच्या दारात ऊस उभा आहे त्या घरची पोरगी पैसे मोजून रस पिते, याची मला गंमत वाटली आणि मी त्याला तसं म्हणालेही. आलं-लिंबू घातलेला तो रस फार चांगला होता. पुढे जे झालं त्यामुळे तो रस कडू होता असं मी म्हणणार नाही. त्या दुपारचा तेवढा तुकडा माझा आहे, तो मी त्याला देणार नाही.

नंतर तो म्हणाला, जुन्या जालन्यात मित्राची खोली आहे, तिथे नोट्स ठेवल्यात, घेऊन लगेच निघू. धान्याच्या दुकानांची गल्ली, खाली पोत्यांची थप्पी, बाजूने अरुंद जिना. खोलीत कोणी नव्हतं. त्याने आत येऊन वरची कडी लावली. मी म्हणाले, दार उघड. तो म्हणाला, एवढी माझ्यासोबत फिरलीस ना, मग आता काय झालं? मी नाही म्हणाले. चांगलं मोठ्याने, दोन-तीनदा म्हणाले. त्याने माझे दोन्ही हात धरले. बांगड्या फुटल्या, मनगटात काच गेली. त्याने मला भिंतीशी दाबलं, तेव्हा मात्र मला कळलं की हा थांबणार नाही.

माझे हात उसाच्या मोळ्या बांधलेले आहेत. हे त्याला माहीत नव्हतं, आणि खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मलाही आठवलं नव्हतं. एक हात सुटला, गुडघा लागला, तो खाली बसला. कडी घट्ट होती, ती मी कशी ओढली ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की जिना उतरताना एका पायाला पायरी गार लागली. एक चप्पल वर राहिली होती. दुसरी पायात होती. खाली हमाल पोती उचलत होते, कोणीतरी कोणाला तरी शिव्या घालत होतं, जग आपल्या कामात होतं. मी रिक्षा केली आणि बसस्टँड गाठलं.

अंबडच्या गाडीत मी खिडकीशी बसले, ओढणी मनगटाला गुंडाळली. गाडी सुटता सुटता मेजर काका चढले. सैनिकांच्या कॅन्टीनमधून महिन्याचं सामान आणून ते घरी निघाले होते. साबण, बिस्किटं, तेल यांची पिशवी भरलेली. मला बघून ते शेजारी येऊन बसले. हे माझ्या वडिलांसोबत पारावर रोज बसणारे गृहस्थ. आम्ही वडिलांना अण्णा म्हणतो. म्हणजे आज रात्रीच्या आत अण्णांना कळणार आणि उद्यापासून माझं कॉलेज बंद, एवढं गणित मी तिथल्या तिथे मांडलं.

काकांनी माझ्या पायाकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं, आणि खिडकीबाहेर बघत बसले. अंबडपर्यंत ते फक्त एकदा बोलले, तेही कंडक्टरशी, सुट्ट्या पैशांवरून.

अंबडच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी मला टपरीसमोरच्या बाकड्यावर बसवलं. चहा सांगितला, साखर जास्त टाकायला सांगितली. मी काहीतरी खोटं सांगायला तोंड उघडलं. चप्पल तुटली, पडले, असंच काहीतरी.

"आधी चहा," काका म्हणाले. "आमच्याकडं बर्फातल्या चौकीवरून, पोस्टवरून, कोणी खाली उतरलं ना, की पहिला गरम चहा. सायेब असू दे न्हाई तर शिपाई. चहा संपेस्तोवर कोणी काही विचारायचं न्हाई. मंग रिपोर्ट."

मी चहा प्यायले. ग्लास बशीवर वाजत होता, काकांनी बशी काढून घेतली. चहा संपल्यावरही त्यांनी काही विचारलं नाही. मीच सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. आणि शेवटी म्हणाले, काका, अण्णांना सांगू नका, माझं कॉलेज जाईल.

काकांनी माझा रिकामा ग्लास बाकड्याखाली ठेवला. मग म्हणाले, "जो पोस्टवर व्हता, रिपोर्ट त्यानंच द्यायचा. दुसऱ्यानं दिला तर ती चुगली असती. मी न्हाई सांगणार. पण तू सांग. तुझ्या मायपाशी सांग. आत ठेवलं की सडतंय, पोरी, हे मला बराबर माहितंय."

मग उठून त्यांनी समोरच्या हातगाडीवरून स्लिपरा आणल्या. काकूंच्या मापाच्या आणल्या होत्या, मला मोठ्या होत्या. "काकूचा नंबर तेवढा पाठ हाय," म्हणाले. माझी उरलेली एक चप्पल त्यांनी कॅन्टीनच्या पिशवीत साबणाखाली टाकली. एक चप्पल घेऊन घरी गेलीस तर शंभर सवाल होतील, हे त्यांचं म्हणणं. त्या अवस्थेतही मला हसू आलं. आपण हसू शकतो हे बघून मला रडू आलं, मग मी चांगली रडले, आणि काका वेळापत्रकाच्या फळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी काही दिवस तापाचं निमित्त काढून घरी होते. एका सकाळी आई मोसंबीच्या बागेत खुरपत होती, तिच्यामागे मी गेले. तीन दगड मांडून आधी चहा केला. आईने लगेच ओळखलं. "काय मागायचंय?" म्हणाली, "मोबाईल असंल तर न्हाई." मी म्हणाले, आधी पी. तिने चहा संपवला, आणि मी सांगितलं. मला वाटत होतं की एकेका वाक्यासोबत माझं एकेक पुस्तक कोणीतरी बांधून माळ्यावर टाकतंय.

आईने खुरपं उचललं आणि एक अख्खा वाफा खुरपून काढला. मी वाट बघत राहिले. मग वर न बघताच तिने विचारलं, "अजून शिकायचंय का तुला?"

"हो."

"मंग उद्या जाऊ. मी बी येते."

आई कॉलेजात आली ती लग्नाकार्याचं लुगडं नेसून. आमच्या एक मॅडम होत्या, त्यांना आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, आणि त्या मुलाला वडिलांसकट बोलावणं गेलं. वडील बसून राहिले, पोराच्या वतीने तेच बोलले. तरुण वय आहे, गैरसमज झाला असेल, पोरीची बदनामी होईल, तुम्हीच तिला इथून काढून जवळपास कुठे घातलं तर बरं. आईला खुर्ची दिली होती तरी ती उभीच होती.

"माझी लेक उद्या बी येणार, परवा बी येणार," आई म्हणाली. "तुमचा पोरगा येईल का न्हाई, ते तुमचं तुम्ही बघा."

तो नंतर आला नाही. त्याचं नाव कॉलेजने काढलं की त्यांनीच नेलं, मला ठाऊक नाही. आम्ही पोलिसात गेलो नाही. जाता येतं, जायला पाहिजे, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही. आज माझ्यासमोर कोणी पोरगी आली तर मी सांगते, आणि सोबत जाते. पण त्या दिवशी आईने जे केलं ते तिच्या परीने ठाण्यात जाण्याएवढंच होतं. अण्णांना आईनेच सांगितलं. ते मला एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्यानंतर रोज संध्याकाळी एसटी यायच्या वेळेला त्यांची बैलं बरोबर फाट्यावरच पाणी प्यायला यायची. फाट्यावर पाणी नव्हतं.

मी पदवीधर झाले. आमच्या घरातली पहिली. हे वाक्य मी अजूनही सावकाश लिहिते.

निकालाच्या दिवशी पेढे घेऊन मेजर काकांकडे गेले. काकू माहेरी गेल्या होत्या. काकांनी स्वतः चहा केला, पांढऱ्या मगात, ज्याचे टवके उडालेले होते. आम्ही दोघांनी ओसरीवर बसून तो संपवला. मी उठणार तेवढ्यात ते म्हणाले, "बस. माझा बी एक रिपोर्ट राह्यलाय."

आणि त्यांनी सांगितलं. डाळीचं नाही. त्या उंचावरचं, बर्फातलं, बरोबरच्या माणसाचं. सांगताना ते मगाकडे बघत होते. काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, कारण पोस्टवर ते होते, मी नव्हते. एवढंच लिहिते की त्यानंतर मला कळलं, अंबडच्या त्या बाकड्यावर "सडतंय" म्हणताना ते कोणाबद्दल बोलत होते.

आता मी अंबडला शिकवते. यंदा पंधरा ऑगस्टला गावातल्या माझ्या जुन्या शाळेने मला बोलावलं. माजी सैनिकांच्या सन्मानावर बोला, म्हणाले, आणि मेजरच्या शौर्याचे प्रसंग जरा रंगवून सांगा, त्यांना स्वतःला सांगता येत न्हाई. काका आता थकलेत, ऐकायलाही कमी येतं. मी भाषण केलं नाही. पोरांना म्हणाले, आपण आज मेजर आजोबांसोबत चहा पिऊ, आणि तो संपेपर्यंत कोणी काही विचारायचं नाही. मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पण चहा आला. शाळेच्या अंगणात सगळी पोरं मांडी घालून बसली आणि काका मधल्या खुर्चीवर, शाल मांडीवर घेऊन, फुंकर मारत प्यायले. इतकी शांत पोरं मी वर्गातही बघितली नाहीत. चहा संपला. कोणी काही विचारलं नाही. काकांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, पुढच्या एका पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साखर बराबर व्हती."

त्यांना घरी सोडायला मी सोबत चालले. वाटेत त्यांना एकदम आठवलं.

"तुझी ती चप्पल गं," ते मोठ्याने म्हणाले, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, "लई वर्सं ठुली व्हती. मंग शेळ्यांच्या फाटकाला बिजागरी केली तिची. चामडं चांगलं व्हतं."

रस्त्यावरचे दोघे-चौघे वळून बघायला लागले. मी हसले, तेही हसले.

त्यांच्या घरी पोचल्यावर मी आधी गोठ्याकडे गेले. फाटकाच्या बाजूला दोन खिळ्यांनी ठोकलेली चामड्याची पट्टी होती, उन्हाने काळी पडलेली, अंगठ्याची जागा अजून ओळखू येत होती. मी फाटक उघडलं, लावलं, परत उघडलं. कुरकुरत नव्हतं. तेवढ्यात एक शेळी बाहेर निसटली आणि काकू आतून ओरडल्या, की कोण आहे ते, फाटक लावा.