आरशासमोरचा पवन

पवनभाऊ कुणाकडे पाहून हसला, तरी ते हसू आधी आरशाला भेटून मगच समोरच्यापर्यंत पोचे. दारव्ह्यातली त्याची जिम म्हणजे रबरी चटयांचा उग्र दर्प, लोखंडाचा गार स्पर्श आणि भिंतभर आरसा. छाती, दंड, मांड्यांचा दर्शनी भाग. आरशात मावेल तेवढेच शरीर त्याने घडवले होते. मूर्तिकार भिंतीकडच्या बाजूची माती ओबडधोबड सोडतो, तसा उरलेला पवन त्याने सोडून दिला होता.

माझी कंबर तेव्हा धरली होती. नितंबांचे आणि मांड्यांच्या मागचे स्नायू बळकट करा, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यासाठीचे यंत्र जिममध्ये होते, आरसा पोचत नाही अशा कोपऱ्यात. पालथे झोपून टाचांनी वजन ओढायचे. त्यावर पवनचे ओले टॉवेल वाळत असत.

"ते कायले पाह्यजे मॅडम तुमाले?" तो म्हणे. "जे आरशात दिसतच नाही, त्याचे कायले लाड? ट्रेडमिलवर चाला ना."

मी रोज टॉवेल बाजूला सारून व्यायाम करी. माझी पाठ वळताच तो ते पुन्हा पसरी.

त्या हिवाळ्यात यवतमाळला जिल्ह्याची शरीरसौष्ठव स्पर्धा ठरली. किताब मिळाला नाही तर जिम विकायची आणि गावी, बोरी अरबला येऊन शेती पाहायची, असे त्याच्या वडिलांनी निक्षून सांगितले होते. पवनने निकालाची वाट न पाहता चौकात दंड फुगवलेल्या स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स लावला: 'भावी जिल्हा-श्री'. टाळ्या वाजवायला जिममधल्या आम्हा सकाळच्या बायकांना गाडी करून नेले.

समोरून तो तेलाने झळाळत होता. आम्ही इमानेइतबारे टाळ्या वाजवल्या. मग परीक्षक माईकवरून शांतपणे म्हणाले, "पाठमोरे व्हा."

पवन वळला. त्या निर्दय उजेडात त्याचे पाय दुसऱ्याच कुणा कृश माणसाकडून मागून आणल्यासारखे दिसले. मागच्या रांगेतून आवाज आला, "अबे, हा समोरूनच आला. मांगचा घरीच राह्यला."

"परीक्षकच सेटिंगचे होते," परतताना तो खिडकीच्या काचेत स्वतःला न्याहाळत म्हणाला.

जिम विकली गेली. चौकातला फ्लेक्स बोरी अरबला सोयाबीनच्या पोत्यांवर पांघरूण म्हणून गेला. फोटोतला भावी जिल्हा-श्री तिथे आकाशाकडे पाहत दंड फुगवत राहिला.

जिमच्या शेवटच्या सकाळी मी पोचले, तेव्हा यंत्रावर टॉवेल नव्हते. पवन स्वतः पालथा पडला होता.

"मॅडम, तुम्ही किती वजन लावता याच्यावर?"

मी सांगितले. त्याने तेवढेच लावले. वजन जरासे उचलले गेले, थरथरले आणि धाडकन आदळले. त्याने हळूच वजनाची पिन वरच्या, हलक्या घरात सरकवली आणि गाल रेक्झिनवर टेकून विचारले, "कोणी पाहून तं नाही राह्यलं ना?"

"नाही," मी म्हणाले. "इथलं आरशात काहीच दिसत नाही."