रफाल, सुखोई आणि आमचा तक्ता

काही किस्से गोळा करावे लागत नाहीत. गटात ओंकार असला की ते आपोआप साचतात! शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ओंकार, ऋतुजा आणि मी 'हवाई लढाईत भारी कोण, रफाल की सुखोई?' हा विषय घेतला. माझ्या वहीत विमानांची माहिती दोन पानं आहे. पुढे सगळे हे किस्सेच.

*

मी तक्त्यावर रडार, क्षेपणास्त्राचा पल्ला असे रकाने आखले. ओंकार म्हणाला, "हे कोण वाचतंय? टॉप स्पीड लिही की!"

मी सांगितलं, हल्ली वैमानिकांना एकमेकांची विमानं दिसायच्या आधीच क्षेपणास्त्र सुटतं.

"मग पळायला स्पीड नको व्हय?"

*

तक्ता ओंकारच्या घरी रंगवायचा होता. त्याचे आजोबा तालमीतले वस्ताद. त्यांनी विचारलं, "दोघांची वजनं किती?"

ऋतुजा म्हणाली, "सुखोई जवळजवळ दुप्पट जड आहे, आजोबा."

"मग ही जोड लावली कुणी? उठवा दोघास्नी!"

अख्खी संध्याकाळ ओंकार सुखोईच्या वजनाचं विमान शोधत बसला. रंग वाळून गेले!

*

मला तक्त्यावर एकच वाक्य हवं होतं : 'ज्याला समोरचा आधी दिसतो, तो बहुतेक जिंकतो.' मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून ते लिहून ठेवलं होतं.

आमचे सर म्हणाले, "त्यातलं 'बहुतेक' काढा. परीक्षक 'बहुतेक'ला मार्क देत नाहीत." मग जरा थांबून म्हणाले, "आणि मार्गदर्शकाचं नाव ठळक करा."

नाव ठळक झालं. वाक्य पार कोपऱ्यात गेलं.

*

प्रदर्शनाच्या सकाळी ओंकारनं त्याच कोपऱ्यावर रफालचा फोटो चिकटवला. फेविकॉलनं!

"अरे, खाली निष्कर्ष आहे!"

"फोटो बघ की, नाद खुळा हाय!"

ऋतुजा म्हणाली, "तू तोंडानं सांग ना." तोंडानं! मी!

*

परीक्षक मॅडम आल्या. ओंकार स्पीडवर सुटला, थांबेचना. मॅडमनी विचारलं, "निष्कर्ष काय?" ऋतुजानं मला कोपरानं ढोसलं. मी हळूच मागे सरकले, तिसऱ्या टेबलाआड गेले आणि एका कागदाचा घट्ट बोळा केला.

ओंकार सांगत होता, "एवढ्या स्पीडच्या विमानाला कोण हात लावणार, मॅडम?"

मला तो दिसत होता, त्याला मी नाही. बोळा बरोबर त्याच्या टाळक्यात बसला.

"कुणी मारलं रं?" तो गर्रकन वळला आणि शेजारच्या गांडूळखतवाल्या पोरांवर धावून गेला.

मॅडमनी पेनचं टोपण काढलं. त्या थेट तिसऱ्या टेबलाकडे बघत होत्या.

"बाळ, तुझं नाव काय?"