आगोटीचा महिना

माझं अक्षर चांगलं, एवढ्याच भांडवलावर मला नोकरी लागली. गावोगावच्या ग्राहक सोसायट्यांना तांदूळ, रॉकेल, मीठ, गूळ पुरवणारा एक सहकारी संघ होता. त्याच्या कुडाळच्या ऑफिसात मी मागण्यांचा कारकून होतो. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. ओरोसला नव्या जिल्ह्याच्या सरकारी ऑफिसांच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या, आणि कॉम्प्युटर हा शब्द तो कधी न पाहिलेल्या माणसांच्याच तोंडी जास्त होता.

मुंबईतल्या आमच्या मुख्य संघाने एक कॉम्प्युटर घेतला. सगळ्या जिल्ह्यांच्या वर्षभराच्या मागण्या त्यात भरायच्या, आणि कुठल्या गावाला काय, किती आणि कधी पाठवायचं याची यादी त्याने छापून द्यायची, असा बेत होता. पण यंत्राला सगळं एकाच पद्धतीने सांगावं लागतं, आणि आमच्याकडे जितक्या सोसायट्या तितक्या पद्धती. वैभववाडीकडचे लोक तांदूळ पोत्यांत मागायचे, वालावलकडचे मणात, आणि एक सोसायटी अजून खंडीत लिहायची, तीही आपल्या गावच्या खंडीत. रॉकेल कुणी पिंपात मागे, कुणी डब्यात. महिन्याच्या रकान्यात तर आनंदच होता. 'शिमग्याआधी', 'जत्रेआधी', 'चवथीआधी', 'नेहमीप्रमाणे'. हे सगळं किलोत, लिटरमध्ये आणि दोन अंकी महिन्यात बसवून चौकटींच्या कागदावर उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं.

मला त्याचा भारी गर्व झाला होता, हे आज सरळ सांगतो. तीन महिने मी मान वर केली नाही. गावोगावच्या मापांची यादी केली, पत्रं पाठवून खुलासे मागवले. चवथ दर वर्षी मागेपुढे होते म्हणून पंचांग समोर ठेवून बसलो आणि जिथे 'आधी' लिहिलं होतं तिथे आधीचा महिना घातला. मुंबईहून आलेल्या साहेबांनी माझे कागद चाळले आणि म्हणाले, "इतकं स्वच्छ काम दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्यातून आलेलं नाही." ते वाक्य मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत होतो.

मालवणच्या बाजूला एका खाडीच्या मुखाशी पलीकडच्या काठावर, जिथे माल होडीनेच जाई, असं एक गाव होतं. तिथल्या सोसायटीचे चिटणीस निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. नवा फॉर्म घेऊन ते स्वतः कुडाळला आले होते. महिन्याच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हंय काय लिवू रे?"

"नेहमी लिवतास तसां लिवा, मास्तर. पुढचां मी बघतंय," मी म्हणालो.

त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'आगोट'. दर वर्षी तेच लिहीत.

आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. ती लागली की समुद्र खवळतो, होड्या वर ओढतात, खाडीतली ये-जा बंद होते. म्हणून आगोटीचा माल ज्याने त्याने मे महिन्यातच भरून ठेवायचा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दर मे महिन्यात माझी आई घरी सुकी मासळी आणि मिरच्या डब्यात भरायची, आणि "आगोटीचां सगळां झालां" असं म्हणायची. पण सणांना आणि जत्रेला लोक 'आधी' लिहायचे, आणि आगोटीला कुणी 'आधी' लिहीत नसे. तो 'आधी' त्या शब्दाच्या पोटातच असतो. मी चौकटीत शून्य सहा लिहिलं. जून.

आमच्या गोदामाचे काका कागद बघायला आले होते. तीस वर्षं ते ट्रक भरत होते. कुठल्या गावाला कधी काय जातं, ते त्यांच्या डोक्यात होतं.

"आगोट जूनात घातलंस?" त्यांनी विचारलं.

"मगे खंय घालू? आगोट लागता ती जूनातच मां?"

काका जरा घोटाळले. "लागता ती जूनातच," ते म्हणाले. "पण..."

मी पुढच्या कागदाकडे वळलो होतो. त्यांच्या त्या 'पण'ला मी जागाच दिली नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला यादीची भीती वाटते, आता त्याच्या डोक्यातल्या वहीला कोण विचारणार! काका "तुमी शिकलेले" एवढं म्हणून निघून गेले.

मेच्या मध्यावर ते पुन्हा आले. खाडीपलीकडचा माल अजून यादीत नाही, म्हणाले. मी छापील यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि ऑफिसच्या मराठीत सांगितलं, "काका, जून आहे. यादीप्रमाणे चला." मालवणी मी मुद्दामच सोडली होती. ती बोललो असतो तर त्यांचं ऐकून घ्यावं लागलं असतं.

मास्तरांचं एक पोस्टकार्डही आलं, माल कधी येतो म्हणून विचारणारं. मी उत्तर धाडलं, 'यादीनुसार येईल.'

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रक गेला. आगोटीचा माल मागणारी बाकीची गावं रस्त्यावरची होती, त्यांना चार दिवस मागेपुढे झाल्याने काही बिघडलं नाही. खाडीपलीकडच्या गावाचा माल ट्रकवाल्याने अलीकडच्या धक्क्यावरच्या शेडमध्ये उतरवला, शेडवाल्याची सही घेतली आणि परत फिरला. फेरीची होडी त्याआधीच वर ओढलेली होती.

पलीकडून ती पोती दिसत होती. मासेमारी बंद, हाताला काम नाही, घरातला तांदूळ संपत आलेला, आणि समोरच्या काठावर आपल्या नावचा तांदूळ ताडपत्रीखाली पडलेला. लोक रोज मास्तरांच्या पडवीत येऊन बसू लागले. डोंगरातून एक पायवाट होती, पण मधल्या ओढ्यावरचा साकव वाहून गेला होता. आठवडाभराने पाऊस जरा थांबलासा वाटला, तेव्हा मास्तरांनी होडी हाकणाऱ्या एका तांडेलाला तयार केलं. "माझ्या सयेशिवाय शेडवालो माल सोडूचो नाय, मी येतंय," म्हणून स्वतः होडीत बसले. पहिली खेप पार झाली. गावाने ती पोती डोक्यावर वाहून नेली. दुसऱ्या खेपेला भरलेली होडी मुखाशी उलटली. तांडेल पोहून काठाला लागला. मास्तर तिसऱ्या दिवशी सापडले.

हे सगळं मला काकांकडून कळलं. त्यांनी सांगितलं आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. पहिला विचार मास्तरांचा आला, असं लिहायला मला आवडलं असतं. तो आला नाही. पहिला विचार आला तो त्या कागदाचा.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. वर अहवाल पाठवायचा होता.

"मागणी कुठल्या महिन्याची होती?"

"जून, साहेब."

"आणि माल कधी निघाला?"

"जूनमध्येच."

"मग आपल्याकडून विलंब नाही," ते म्हणाले आणि तसं लिहिलं. काका दाराशी होते. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. ते वळून गोदामाकडे गेले, आणि त्यांनी तसं जावं असंच मला वाटत होतं. मास्तरांचा फॉर्म मी फाडला नाही. फाडायची गरजच नव्हती. एकदा मागणी यंत्रात चढली की मूळ कागद बघायचे नाहीत, असा नवा नियम होता.

श्रावणात मास्तरांची बायको आली. दोन एसट्या बदलून आली होती. माझ्या टेबलासमोर उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"झिला, माका एकच सांग," ती म्हणाली. "ह्येंनी मागणी येळेर धाडल्यानी काय नाय? गावात लोक बोलतत, ह्ये इसारले, उशिराची मागणी केल्यानी म्हणान. माज्या तोंडार बोलतत. मी सगळ्यांवांगडा भांडलंय. ह्ये इसारणारे न्हयत. तुज्याकडे कागद आसतलो. तो माका दाखव, मी गावात नेऊन दाखवतंय."

कागद माझ्या डाव्या हाताच्या खणात होता. खण उघडून तिच्या हातात ठेवायचा, एवढंच काम. तिला वाचता येत होतं.

"मागणीची नोंद जूनची आहे," मी म्हणालो.

"जूनाची?"

"नोंद जूनचीच आहे. आणि मूळ कागद दाखवायची आम्हाला परवानगी नाही."

मी काही खोटं बोललो नव्हतो, एकही शब्द खोटा नव्हता, असं मी तिथल्या तिथे स्वतःला सांगितलं. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी होती, की माझं ते स्वच्छ काम कुणीतरी पुन्हा उघडून बघेल. मला माझी इतकी किळस पुढे कधी आली नाही.

"मगे लोक बोलतत तां खरां," ती म्हणाली. पदराने तोंड पुसलं आणि दुपारच्या गाडीने परत गेली.

पुढच्या वर्षीच्या याद्या करताना मी जिथे जिथे 'आगोट' होतं तिथे गुपचूप शून्य पाच घातलं. कुणी विचारलं नाही. खाडीपलीकडच्या नव्या चिटणिसानेही 'आगोट'च लिहिलं होतं; तिथला माल मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघाला. त्या खेपेला मी ट्रकबरोबर गेलो. कशाला गेलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. समुद्र शांत होता, होड्या भराभर पलीकडे लागत होत्या; एकीतून मीही पलीकडे गेलो. सोसायटीच्या दारात लोक पिशव्या घेऊन रांगेत उभे होते आणि मी पोती मोजून देत होतो.

"नवो चिटणीस बरो आसा," रांगेतला एकजण म्हणाला. "येळेर मागणी करता. आदल्या मास्तरान गावाक उपाशी ठेवल्यान आणि आपणय गेलो."

मग त्याला मागे कोण उभं आहे ते दिसलं. तो ओशाळला. "वैनी, तसां नाय, माका म्हणूचां हुतां..."

"कित्याक? खरां तां खरां," मास्तरांची बायको म्हणाली. "चूक ह्येंचीच. मी स्वता कुडाळाक जाऊन इचारून इलंय."

मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो.