उजवीकडचा जोतिबा

सत्तेचाळीस सालच्या नोव्हेंबरात आमची पलटण काश्मीरला गेली. मी तेव्हा लान्स नाईक होतो, आय सेक्शनमध्ये. शत्रू कुठे आहे, किती आहे, कुठून येतो-जातो, हे बघायचं आणि कागदावर उतरवायचं, हे आय सेक्शनचं काम. मला तिथे घेतलं याचं कारण एवढंच की शाळेत असताना मी ड्रॉइंगच्या परीक्षा पास झालो होतो आणि भरतीच्या फॉर्मवर ते लिहिलं होतं. नेमबाजीत मी यथातथाच होतो.

डिसेंबरात आम्ही उरीच्या बाजूला एका धारेवर मोर्चे बांधून बसलो. दिनक्रम ठरलेला. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज. सहाला चहा. साडेसहाला मी ओ.पी.त, म्हणजे टेहळणीच्या खड्ड्यात. समोर खाली नाला, नाल्यापलीकडे दोन टेकड्या. उंची जवळजवळ सारखी, दोन्हींचे माथे सपाट. बर्फ पडल्यावर तर एक झाकावी आणि दुसरी काढावी. कॅप्टनसाहेबांनी समोरच्या मुलखाचं पॅनोरमा स्केच करायला सांगितलं. डावीकडून उजवीकडे, डोळ्यांना दिसतं तसं. मी दोन दिवस बसून ते केलं.

नकाशावर त्या टेकड्यांना नुसते आकडे होते. मी डावीवर लिहिलं ‘पन्हाळा’ आणि उजवीवर ‘जोतिबा’. शाहूपुरीत आमच्या घराच्या माडीवरून ते तसेच दिसतात. डावीकडे पन्हाळा, उजवीकडे जोतिबा. कळायला लागल्यापासून बघत आलो होतो, हात आपोआप चालला.

कॅप्टनसाहेब कुर्गचे. त्यांनी कागद बघितला.

“ये क्या लिखा है?”

“हमारे गाँव के पहाड़, साब.”

ते हसले. “रहने दो.”

आठ दिवसांत नावं पलटणीत रुजली. आकडे कोण लक्षात ठेवतो? आज पन्हाळ्यावर धूर दिसला, जोतिबावर कोणी नाही, असंच जो तो बोलायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे कबूल करतो. जानेवारीच्या अखेरीला शत्रूनं पन्हाळ्यावर मशीनगन आणून बसवली. जोतिबा मोकळाच राहिला.

हवालदार तुकाराम खोत वारणाकाठच्या एका खेड्यातले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, आधीच्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढून आलेले. बुटात वर्तमानपत्राचा कागद घालून झोपायचं, हे त्यांनी मला शिकवलं. बनिहालचा घाट चढताना आमच्या ट्रकमध्ये ते होते. सगळे दरी बघून गप्प झाले होते. खोत म्हणाले, “ह्यो आपला आंबा घाटच हाय. कुणीतरी उभा करून ठिवलाय नुसता.” त्यावर ट्रक हसला. डिसेंबरात त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते श्रीनगरच्या इस्पितळात गेले. परत आले ते फेब्रुवारीत. माझं स्केच त्यांनी बघितलं नव्हतं. टेकड्यांची नावं मात्र लंगरमध्ये जेवताना त्यांच्या कानावर पडली होती.

ते परतल्यावर चौथ्या दिवशी त्यांना पेट्रोल मिळालं, म्हणजे गस्तीची तुकडी. सात माणसं. काम साधं होतं, नाल्यावरचा लाकडी साकव शाबूत आहे का ते बघून यायचं. टेकड्यांशी संबंधच नव्हता, म्हणून ब्रीफिंगमध्ये त्यांचा विषय निघाला नाही. सकाळी सहाला ते निघाले. सात चाळीसला नाल्यात मॉर्टर पडू लागले. वायरलेसवर ऑपरेटर दत्तू कुंभारचा आवाज आला.

“मागची वाट बंद हाय. मॉर्टर पडतंय. मागं येता येत न्हाय. ओव्हर.”

कॅप्टनसाहेबांनी दुर्बीण लावली. मागे वाट नाही, नाल्यात थांबणं शक्य नाही. पुढे मोकळ्या टेकडीवर चढून दुपारपर्यंत दगडांआड टिकायचं, तोवर आमच्या मॉर्टरनी वाट मोकळी करायची, हा एकच उपाय होता. ते मला म्हणाले, “तुम बोलो. मराठी में बोलो, जल्दी समझेगा.”

मी माइक घेतला.

“हवालदारसाहेब, जोतिबा मोकळा आहे. जोतिबावर चढा. पन्हाळ्यावर गन आहे. ओव्हर.”

या वेळी स्वतः खोत बोलले. “जोतिबावर चढतो. पन्हाळ्यावर गन. समजलं. औट.”

आवाजात घाई नव्हती. घरची वाट कुणी सांगावी तसे ते बोलले.

मी दुर्बीण लावली. नाल्यातून सात माणसं एकामागे एक वर आली आणि डावीकडे वळली.

“हवालदारसाहेब, डावी नको. उजवी घ्या, उजवी. ओव्हर.”

उत्तर आलं नाही. ‘औट’ म्हटल्यावर दत्तूनं सेट बंद करून पाठीला मारला असणार, चढायचं होतं त्याला. मी अकरा वेळा हाक दिली. पन्हाळ्यावरच्या गननं त्यांना अर्ध्या चढापर्यंत येऊ दिलं. सात अठ्ठावन्नला ती सुरू झाली. लांबून बघताना आधी माणूस पडतो, आवाज नंतर येतो. पाच जण पडले. शेवटचे दोघे घरंगळत खाली नाल्यात गेले आणि संध्याकाळी परत आले.

चौकशी झाली. मी जबानी दिली. ऑर्डर स्पष्ट होती, खोतांनी ती शब्दाला शब्द परत उच्चारली होती. अहवालात आलं, ‘पेट्रोल कमांडरने टेकडी ओळखण्यात चूक केली.’ मी सही केली. मलाही तसंच वाटत होतं. माणूस आजारातून उठलेला, वरून मॉर्टरचा मारा, गोंधळला असेल.

मार्चमध्ये माझ्या डाव्या पायाची तीन बोटं बर्फानं गेली. पुढच्या वर्षी मी कोल्हापुरात घरी होतो, पेन्शनीवर. शाहूपुरीत एका पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात अक्षरं काढायचं काम मिळालं. दिवस जायचा. पण रिकामा बसलो की सात माणसं डावीकडे वळायची. आई जेवायला वाढून उभी राहायची आणि मी ताटाकडे बघत बसायचो. पंचगंगेच्या घाटावर पोहायला जायचो तेही सोडलं, कारण पाण्याकडे फार वेळ बघावंसं वाटू लागलं होतं. ते मला बरं वाटेना.

एके दिवशी दुकानात जलरंगांची एक जुनी पेटी पडलेली दिसली. मालकांना विचारून ती घरी आणली आणि पठाणकोटचं स्टेशन काढलं. का, ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी जम्मूकडचा रस्ता काढला, ट्रकांची रांग आणि धूळ. मग बनिहालचा घाट. मग खोऱ्यातली सफेद्याची झाडं, अक्रोड विकणारी एक म्हातारी, झेलमवरची होडी. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, बर्फ दाखवायचं तर तिथला कागद कोरा सोडावा लागतो. कुठे हात लावायचा नाही हे आधी ठरवावं लागतं. त्यात दोन-दोन तास जायचे आणि तेवढा वेळ मी शांत असायचो. शिवाय चित्र काढताना माणसं आठवायची ती जिवंत आठवायची. घाट काढताना खोतांचं बोलणं आठवून मी एकटाच हसलो. आईनं आतून विचारलं, “काय झालं रं?” वर्षभरात घरात माझं हसू तिनं ऐकलं नव्हतं. त्या रस्त्यानं आम्ही नुसते मरायला गेलो नव्हतो, हे मला त्या चित्रांनी शिकवलं. मी पुन्हा पोहायला जाऊ लागलो. अशी तीसेक चित्रं झाली. त्या दोन टेकड्या मात्र मी काढल्या नाहीत.

एक्कावन्न साली खोतांच्या पत्नीचं, आनसाबाईंचं पत्र आलं. शाळामास्तरांकडून लिहून घेतलेलं. त्या पेट्रोलमधून वाचलेल्या एका शिपायानं त्यांना वायरलेसवरच्या ऑर्डरबद्दल आणि माझ्या चित्रांबद्दल सांगितलं होतं. पत्रात होतं, ‘ते जिथे पडले ती जागा काढून आणा. आमच्याच गावचा शिदू मगदूम त्यांच्याबरोबर पडला. त्याची आई म्हणते, तुझ्या नवऱ्यानं माझा मुलगा चुकीच्या डोंगरावर नेऊन मारला. तीन वर्षं गावातल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. खरं काय ते तुम्ही बघितलं आहे. येऊन सांगा.’

खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि तेच सांगणं अवघड होतं. चित्राला पंधरा दिवस लागले. चार कागद फाडले. नावं घातली नाहीत.

मार्गशीर्षात गेलो. सर्व्हिस मोटारीनं निम्मी वाट, पुढचे चार मैल पायी. या पायानं ते दोन तास लागले. जोतिबाच्या डोंगराला वळसा घालून वारणेच्या बाजूला मी आयुष्यात पहिल्यांदाच उतरत होतो. सबंध वाट मी वाक्य जुळवत होतो. आजारी होते, गोंधळ झाला, कुणाचंही झालं असतं.

आनसाबाईंनी अंगणात घोंगडं टाकलं, पाणी दिलं. चित्र त्यांनी मांडीवर घेतलं आणि बराच वेळ बघितलं.

“जोतिबावर जा म्हणून सांगितल्यालं न्हवं?” त्यांनी विचारलं.

“हो, वहिनी.”

“आणि गेले कुठं?”

मी डावीकडच्या टेकडीवर बोट ठेवलं.

“मग बरोबरच गेले की. ह्योच जोतिबा.”

“नाही, वहिनी. डावा पन्हाळा. उजवा जोतिबा.”

“उजवा कसा आसंल, भावजी?” त्या म्हणाल्या. “त्ये काय, बघा की.”

त्यांनी माझ्या पाठीमागे हात केला. मी वळून बघितलं. दक्षिणेला, गोठ्याच्या वर, दोन डोंगर उभे होते. डावीकडे जोतिबा. उजवीकडे पन्हाळा.

मी किती वेळ बघत राहिलो ते सांगता येत नाही. शाहूपुरीतून आम्ही त्यांना एका बाजूनं बघतो, वारणेकाठची माणसं दुसऱ्या बाजूनं. खोतांनी जन्मभर जोतिबा डावीकडे बघितला होता. मी वायरलेसवर जोतिबा म्हणालो आणि ते सरळ जोतिबावर चढले. ‘उजवी’ एवढा एक शब्द मी आधी बोललो असतो तर पाच माणसं घरी आली असती.

“वहिनी, चूक त्यांची नव्हती,” मी म्हणालो. “माझी होती.” आणि सगळं सांगितलं. नावं कुणी ठेवली, माइक कुणाच्या हातात होता, अहवालावर सही कुणी केली.

त्या रडल्या नाहीत. पदरानं हात पुसले आणि उठल्या. “मला सांगून काय उपेग? चला, गोदाआक्कास्नी सांगा.”

शिदूची आई, गोदाआक्का, चार घरं पलीकडे राहायच्या. सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. आनसाबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. मी चित्र आक्कांपुढे जमिनीवर पसरलं आणि उभ्यानंच सांगितलं. रिपोर्ट देतात तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

चित्रावरून नजर न काढता आक्कांनी दाराकडे हाक टाकली. तीन वर्षांनी.

“आनशे, ह्यातला जोतिबा कंचा म्हणतीस?”

“डावा, आक्का.”

“व्हय.” त्या म्हणाल्या. “मीबी त्योच म्हटला आसता. शिदूबी त्योच म्हटला आसता.”

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पावणं, तुमी मोप शिकल्याली माणसं. आमाला कुठनं काय दिसतं, त्ये एकदा इचारायचं तरी.”



त्यांनी चित्रावर हात ठेवला. “ह्यात आमचा शिदू कुठं हाय?”

मी म्हणालो, पॅनोरमात माणसं काढत नाहीत, नुसती जमीन काढतात.

“काढा की मग.”

मी खाली बसलो. पिशवीतून रंगाची पेटी काढली. आक्कांनी वाटीत पाणी दिलं. चढावर शिदू जिथे पडला ती जागा मला नेमकी माहीत होती. ब्रश टेकवला तशा त्या म्हणाल्या, “पडल्याला नगं. चालताना काढा.”

कोऱ्या सोडलेल्या बर्फावर मी शिदू काढला. करंगळीच्या नखाएवढा, पाठीवर रायफल, चढताना पुढे वाकलेला.

“ह्येच्या म्होरं कोण हुतं?”

“दत्तू कुंभार. वायरलेसवाला.”

“त्यालाबी काढा. त्याच्या म्होरं?”

मी दाराकडे बघितलं. आनसाबाई खाली मान घालून उभ्या होत्या.

“खोत हवालदार,” मी म्हणालो.

आक्का थांबल्या. हातातली शेंग त्यांनी सुपात टाकली.

“मग त्यास्नी काढा,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांच्या म्होरं काढा. आणि आनशे, दारात का हुबी? आत ये. बस हितं.”

आनसाबाई आत आल्या आणि आक्कांच्या शेजारी बसल्या. दोघी बघत होत्या आणि मी एकेक नाव मोठ्यानं घेत काढत गेलो. हवालदार तुकाराम खोत. लान्स नाईक दत्तू कुंभार. शिपाई शिदू मगदूम. शिपाई बंडू साळोखे. शिपाई मारुती घाटगे.